चवथीला वीचा पॉइंटर पिसाळतो, मे महिन्यात मात्र शहाणा. कारण काय?

वसरीतला_माकड
गोव्यातल्या माशेलहून लिहितोय. आमच्या मूळ घरी भावोजींनी २००९ साली कुवेतहून वी (निन्टेंडोचा टीव्हीला जोडायचा गेम कन्सोल) आणला, सोबत 'सुपर मंकी बॉल: बनाना ब्लिट्झ'ची डिस्क. सेगा कंपनीचा हा खेळ वीबरोबरच २००६ मध्ये आलेला. ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो: पारदर्शक चेंडूत माकड असतं, पण आपण माकडाला चालवत नाही, त्याच्या पायाखालची जमीन कलवतो. रिमोट हातात सपाट, टोक टीव्हीकडे करून धरायचा, मनगट डावीकडे झुकवलं की सगळा रस्ता डावीकडे झुकतो आणि माकड घरंगळत जातं. ए बटण दाबलं की उडी. कठडा नसलेल्या वळणावर आलं की अख्खं घर श्वास धरतं. शिवाय चौघांनी मिळून खेळायचे छोटे खेळ, तब्बल ५०. त्यातले निम्मे भिकार आहेत, पण ते भुरग्यांना (पोरांना) कोण सांगणार.

आमचा गणपती पाच दिवसांचा. चार बिऱ्हाडं एकत्र येतात, भुरगी अकरा. बायका नेवऱ्या (करंज्या) करायला बसल्या की अकरा जणांना एका जागी धरून ठेवायला दुसरा उपाय नाही.

आता दुखणं. माकड घरंगळवायचा मुख्य खेळ उत्तम चालतो. पण ज्यात टीव्हीवर नेम धरायचा असतो तिथे रिमोटचा ठिपका (पॉइंटर) मध्येच कोपऱ्यात पळतो, गायब होतो, पुन्हा भलतीकडे उगवतो. संध्याकाळच्या आरतीनंतर तर कहर. दोन वर्षं हेच चाललंय. आणि मे महिन्याच्या सुट्टीत तोच टीव्ही, तोच रिमोट, तीच भुरगी, काही तक्रार नाही! सेल नवे घातले, सेन्सर बारची (टीव्हीपाशी ठेवायच्या पट्टीची) वायर उंदराने कुरतडली का तेही पाहिलं. टीव्ही सालात (दिवाणखान्यात) आहे, गणपतीही सालातच त्याच भिंतीला बसतो, मध्ये जेमतेम चार हात.

वहिनी म्हणते, देवासमोर माकडचाळे केलेत की असंच होणार. पुतण्या म्हणतो, फेकून द्या, हाच खेळ स्विच या निन्टेंडोच्या नंतरच्या कन्सोलवर एचडीत मिळतो. फेकू का?

पणजीचो_पाव
दीड दिवसाच्या गणपतीबरोबर त्याचंही विसर्जन करून टाका.

वसरीतला_माकड
पाच दिवसांचा आहे म्हटलं ना. वाचा तरी.

वास्को_वायरमन
"मध्ये जेमतेम चार हात" म्हणालात, तिथेच उत्तर आहे.

सेन्सर बार या नावाने सगळे फसतात. त्या पट्टीला काहीही कळत नाही. तिच्या दोन्ही टोकांना नुसते इन्फ्रारेड दिवे आहेत, टीव्हीच्या रिमोटच्या तोंडाला असतो तसले. बघणारा डोळा वीच्या रिमोटमध्ये आहे. तो दोन उजेड शोधतो आणि ते कुठे दिसतात त्यावरून तुमचा हात कुठे रोखलाय ते ठरवतो. आता समईची ज्योत घ्या, निरांजन घ्या, मखराला लावलेली जुन्या मिरची बल्बांची माळ घ्या. तापून उजळणारी प्रत्येक वस्तू भरपूर इन्फ्रारेड सोडते. रिमोटला दोनाऐवजी चार उजेड दिसले की कुठले दोन खरे हे त्याला समजत नाही. आरतीनंतर सगळंच पेटलेलं असतं, म्हणून कहर. मे महिन्यात तिथे काय असतं? भिंत.

पट्टी कधी मोडलीच तर टीव्हीपुढे थोड्या अंतरावर दोन मेणबत्त्या लावून पाहा, पॉइंटर चालतो. मी केलंय. बायकोने विचारलं, कोणाचा वाढदिवस?

माकड घरंगळवायला मात्र तो डोळा लागतच नाही. त्यासाठी रिमोटच्या पोटात अ‍ॅक्सेलेरोमीटर आहे. गवंड्याची पाणसळ समजा: जमिनीची ओढ कुठल्या बाजूला आहे ते पाहून तो कल ओळखतो. त्याला समईशी देणंघेणं नाही. फक्त हात झटकू नका. हिसका आणि कल यांतला फरक त्याला कळत नाही, मग माकड थेट दरीत.

खात्री करायची तर वीच्या सेटिंगमध्ये सेन्सर बारची सेन्सिटिव्हिटी उघडा. रिमोटला जे उजेड दिसतात ते तिथे ठिपक्यांसारखे पडद्यावर येतात. दोनच हवेत. जास्त दिसले तर एकेक दिवा बंद करत जा. समई विझवा असं मी म्हणणार नाही, तुम्हाला घराबाहेर काढतील. आधी माळ बदला. एलईडीची माळ चालेल, ती इन्फ्रारेड जवळजवळ सोडतच नाही.

फोंड्याचा_बटाटवडा
पुतण्याचं ऐकू नका. ती एचडी आवृत्ती २०१९ची, माझ्याकडे आहे. चित्र झकास, पण ५० पैकी १० छोटे खेळच ठेवलेत, आणि कलवायचं कामच नाही, अंगठ्याने स्टिक फिरवायची. अकरा भुरग्यांत त्याला काय मजा? हां, एक गोष्ट खरी, स्टिक ही या खेळाची मूळ चाल. २००१ साली हा आर्केडमध्ये (नाणी टाकून खेळायच्या यंत्रावर) आला तेव्हा दांडीच्या टोकाला चक्क केळं होतं. पण तुमची पोरं वीवर वाढलीत, त्यांना मनगटच हवं.

आणि रिमोटची दोरी मनगटात अडकवा हो. सुरुवातीच्या दोऱ्या इतक्या तुटत होत्या की निन्टेंडोने डिसेंबर २००६ मध्ये सुमारे ३२ लाख दोऱ्या बदलून द्यायला काढल्या.

सावईवेऱ्याची_सून
आमच्याकडे हाच खेळ आहे आणि घरात सर्वांत पुढे कोण, तर सासूबाई. वय ७४. पहिल्यांदा रिमोट हातात दिला तेव्हा म्हणाल्या, "हें सूप न्ही?" आणि बसल्या पाटावर, कोपरं मांडीला टेकवून. आयुष्यभर तांदूळ पाखडलेले. खडा एका कडेला आणायचा, तांदूळ दुसऱ्या कडेला, हात एवढासा हलतो. आमचे हे उभे राहून सबंध खांद्याने रिमोट हलवतात आणि पहिल्याच पुलावरून खाली. सासूबाई बघतात, काही बोलत नाहीत. ते जास्त लागतं यांना.

त्यामुळे माकडभाऊ, भुरग्यांना खाली बसवा. निम्मी भांडणं तिथेच मिटतील. छोट्या खेळांतला मंकी टार्गेट लावा आधी, उतारावरून सुटून पंख उघडायचे आणि निशाणावर उतरायचं. आमच्याकडे चार वर्षांचीलाही जमतं.

वसरीतला_माकड
वास्को, हात जोडतो. काल रात्री माळ्यावरून माळ उतरवली, जिथे मखर असतं तिथे टांगली, एक समई पेटवली. वहिनी आली, "आज कसली पूजा?" म्हणून. सेटिंगमध्ये बघतो तर दोनाचे चार ठिपके, आणि ते नाचतायत. माळ बंद केली, तीन. समई आड केली, दोन!

माळ बदलतो. समईवर तोडगा म्हणून टीव्ही समोरच्या भिंतीला न्यायचं ठरवलं, म्हणजे रिमोट रोखला की देव मागे राहतो. यावर वहिनी: "म्हणजे अकरा भुरगी देवाकडे पाठ करून बसणार?" विषय संपला. आता टीव्ही वसरीत, म्हणजे ओसरीवर. तिथे एकच प्लग आहे आणि आरतीला घुमट (मातीचं वाद्य) वाजवणारे बसतात, त्यांच्याशी वेळा ठरवाव्या लागतील.

सावईवेऱ्याच्या ताई, आमच्या आईलाही सूप येतं. सांगतो काय होतं ते.

एक राहिलं. वसरीत दुपारी पश्चिमेचं ऊन थेट टीव्हीवर येतं. उन्हाचं काय?

वास्को_वायरमन
ऊन सगळ्यांचा बाप. गोणपाट बांधा. पण चवथीत माशेलला ऊन पडलं तर मला फोटो पाठवा.