ब्रेड मेकरमध्ये गव्हाचा ब्रेड खचतो, मदत हवी आहे

ठाण्यात राहते. ब्रेड मेकर महिनाभर वापरतेय. मैद्याचा ब्रेड छान होतो, पण आईला मधुमेह आहे, म्हणून मैदा नकोच.

प्रमाण: चक्कीवरून दळून आणलेलं गव्हाचं पीठ 400 ग्रॅम, पाणी 300 मिली, इन्स्टंट यीस्ट 5 ग्रॅम, मीठ 7 ग्रॅम, तेल 2 चमचे. होल व्हीट प्रोग्राम. पीठ काठापर्यंत फुगतं आणि भाजताना मधोमध वाटीसारखा खड्डा पडतो. आतून ओलसर, सुरीला चिकटतं.

यीस्ट ताजं आहे, कोमट पाण्यात दहा मिनिटांत फेसाळतं. ते 3 ग्रॅम केलं तर खड्डा गेला, पण ब्रेड विटेसारखा घट्ट. सध्या पावसाळी दमट हवा, त्यामुळे पाण्यावरही संशय आहे.

ओव्हन नाही. आधी पाणी कमी करू की ग्लुटेन पावडर (पिठाला चिवटपणा देणारं गव्हातलं प्रथिन) घालू? घातली तर 400 ग्रॅमला किती?