खारं पाणी अन् कूलरची मोटर: दरवर्षी जाम होते, जंगावर काही उपाय?

दर्यापूरवाला
राम राम मंडळी. आमचं गाव खारपाण पट्ट्यात, बोरचं पाणी तोंडात धरवत नाही पण कूलरमंधी तेच टाका लागते, नळाच्या पाण्याचा काही भरवसा नाही. पत्र्याचा मोठा कूलर आहे, उन्हाळाभर मोटर मस्त चालते, पण मिरग लागला का झाकून ठेवतो अन् पुढच्या मार्चमंधी बटन दाबलं का नुसती हूंऽऽ करते, पातं फिरतच नाही. शाफ्टवर अन् बॉडीवर जंगाचे पोपडे. दुकानदार म्हणते नवीनच घ्या. मले हे समजून नाही राहिलं का पाणी तर उन्हाळ्यात उडते, मंग बंद ठेवल्यावर काऊन जाम होते?

अकोटचा भाऊ
शिलाई मशीनचं तेल टाक दोन थेंब अन् पातं हातानं फिरव, होते चालू. आमच्याकडं सगळे हेच करतात.

वायंडिंगवाला, मूर्तिजापूर
तेलानं फिरेल हो, पण जंग आतमंधी राहतेच. पाण्याची जी वाफ होते तिच्यात मीठ नसते, मीठ टाकीतच राहते, म्हणून टाकीचं पाणी दिवसेंदिवस जास्तच खारं होत जाते, मधूनमधून पुरी टाकी खाली करत जा. आता ताटीवरून जे बारीक तुषार उडतात ते मोटरवर बसून वाळतात अन् मीठ तिथंच चिकटते. चालू मोटर गरम असते त्यामुळं तिच्यावर ओल फार टिकत नाही. पण पावसाळ्यात मोटर थंडी पडून असते अन् तेच मीठ हवेतली ओल ओढत राहते, तवा लोखंड खरं सडते.
रोटर (आतला फिरणारा भाग) अन् स्टेटरच्या (बाहेरचा न फिरणारा भाग) मधात फट अर्ध्या मिलीमीटरपेक्षाही कमी असते, अन् जंग लोखंडापेक्षा जास्त जागा घेते, फुगते. मंग रोटर घासते नाहीतर अडकते. बुश, म्हणजे शाफ्ट ज्यात फिरते ती बारीक नळी, सुकलेला असला तर अजूनच. हूंऽऽ करत असली तर बटन तसंच दाबून ठेवू नका, वायंडिंग (आतली तारेची गुंडाळी) जळते. कंडेन्सर (मोटर चालू व्हायले जोर देते तो) पण बदलून पाहा, कधी कधी मोटरचा काही दोष नसते.
सीझन संपला का मोटर काढा, गोड्या पाण्याच्या ओल्या फडक्यानं बाहेरून पुसा, नळाखाली धरू नका, दोन-तीन दिवस कडक उन्हात ठेवा. पोपडे पॉलिश पेपरनं काढून बॉडीले रेड ऑक्साइड अन् वरतून रंग. शाफ्टले ग्रीसचा हात. बुशमंधी मात्र ग्रीस भरू नका, तो बुश तेल पिऊन ठेवणारा असते, ग्रीसनं त्याची छिद्रं बुजतात, तिथं तेलच. वायंडिंगवर लाल वार्निशचा स्प्रे मारता येते, पण पुरं वाळल्यावरच, ओलीवर मारला तर ओल आत कोंडते. अन् रोटरले रंग बिलकुल नको, फट आधीच कमी आहे.

आयटीआयचा पोरगा
दादांनी सांगितलं ते बरोबर, फक्त एक जोडतो. खाली बॉडीले बारीक छिद्र असते ना, ते रंगानं बुजवू नका, आतलं पाणी तिथूनच निघते. अन् वायंडिंगमंधी खारी ओल गेली का करंट बॉडीत उतरते, पत्र्याच्या कूलरमंधी तर हे लय बेकार, दर उन्हाळ्यात कुठं ना कुठं कूलरच्या शॉकनं माणूस गेल्याची बातमी येतेच. सिरीज बल्बवर (मोटरच्या लाइनीत बल्ब जोडून तपासतात तो) बारीक लीकेज दिसत नाही. मेगरनं (वायंडिंगमधून करंट बॉडीत किती गळते ते मोजायचं यंत्र) ५०० व्होल्टवर पाहून १ मेगाओमच्या खाली असलं तर मोटर लावूच नका. अर्थिंग अन् ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला का लाइन आपोआप तोडणारा स्विच) पाहिजेच, पाणी भरताना प्लग काढून.

दर्यापूरवाला
आता समजलं राजेहो. मी तर पन्नीत घट्ट बांधून ठेवत होतो मोटर, वाटे ओल लागणार नाही.

वायंडिंगवाला, मूर्तिजापूर
पन्नीत बांधायची तर आधी पुरी वाळवा, नाहीतर आतली ओल आतच राहते. त्यापेक्षा सुती कापडात गुंडाळून घरात उंचावर ठेवा, भिताडाले टेकून नको. अन् महिन्यातून एकदा शाफ्ट हातानं फिरवत जा. सध्याची मोटर फेकू नका, खोलून पाहा, वायंडिंग चांगली असली तर बुश अन् कंडेन्सरवर काम होऊन जाईल.