जिन्याखालच्या चिंगीला कॅन्सर: इंजेक्शनं द्यावीत की नकोत?

ठाकूरद्वारची काकू
आमच्या चाळीच्या जिन्याखाली एक गावठी कुत्री असते, चिंगी. पाचेक वर्षांची असेल. महिना झाला, मागून रक्ताचे थेंब पडतायत. आधी वाटलं माजावर आलीय, पण माज एवढे दिवस चालतो होय? दुसऱ्या मजल्यावरून कमिटीकडे तक्रार गेली, तेव्हापासून दूध आणायला जायच्या आधी मीच पायऱ्या फिनेलने पुसते. परवा ती उताणी लोळत होती तेव्हा दिसलं. लघवीच्या जागेशी लालभडक गाठ, फ्लॉवरचा तुरा तोडून चिकटवावा तशी.

डॉक्टरांनी काचेची पट्टी गाठीवर टेकवली, रंग घालून मायक्रोस्कोपखाली पाहिली आणि म्हणाले, टीव्हीटी. कॅन्सरच, पण दर आठवड्याला एक अशी व्हिन्क्रिस्टीनची चार ते सहा इंजेक्शनं दिली की बरी होईल. माझ्या धाकट्या बहिणीची किमो मी जवळून पाहिली आहे, त्यामुळे पाऊल उचलत नाही. मुक्या जनावराला हा छळ कशाला? त्यात डॉक्टर म्हणाले, हा रोग लागतो. कॅन्सर कधी लागतो का हो? चाळीतली पोरं दिवसभर तिच्या अंगाखांद्यावर असतात.

गल्लीतला बाळ्या
काकू, व्हिन्क्रिस्टीन म्हणजे आपल्या सदाफुलीचंच औषध. तुमच्या गॅलरीत डब्यात असेलच. पाला उकळा, दुधातून पाजा, फुकटात काम.

परळचा ड्रेसर
बाळ्या, तुझं पहिलं वाक्य बरोबर आणि पुढचं जीव घेणारं. औषध सदाफुलीतलं खरं, पण पाल्याचे ढीगच्या ढीग लागतात तेव्हा चिमूटभर निघतं. उरलेल्या पाल्यात इतर विषारी द्रव्यं कितीतरी. काकू, पाला अजिबात देऊ नका.

मी जनावरांच्या दवाखान्यात ड्रेसिंग करतो, पंचवीस वर्षं झाली. टीव्हीटीची कुत्री दर आठवड्याला येतात, बहुतेक रस्त्यावरचीच. हे औषध फक्त शिरेतून देतात. थेंबभर शिरेबाहेर गेलं तर तिथलं मांस सडतं. म्हणून आधी मी पुढच्या पायाचे केस काढतो, सुई लावून सलाईन सोडतो, ते सरळ वाहतंय ना बघतो, आणि मगच डॉक्टर औषध टोचतात. तुम्ही फक्त तिचं डोकं कुशीत धरायचं. दहा मिनिटांचं काम.

बहिणीची गोष्ट मनात असणारच. पण कुत्र्याला त्या मानाने पुष्कळ सोसतं. एखाद दिवस जेवणार नाही, एखादी उलटी होईल. पांढऱ्या पेशी उतरतात, म्हणून प्रत्येक इंजेक्शनाआधी सीबीसी, म्हणजे रक्तातल्या पेशी मोजायची तपासणी, करायला सांगतात, ती टाळू नका. आणि दुसऱ्या इंजेक्शनानंतर रक्त थांबलं की लोक यायचेच बंद होतात, ही आमची कायमची डोकेदुखी. गाठ पुरती जाईपर्यंत कोर्स सोडू नका. बहुतेक कुत्री याने पूर्ण बरी होतात.

आता लागण्याचं. माणसाला लागत नाही, पोरांची काळजी नको. इंजेक्शनानंतर दोन-तीन दिवस मात्र तिची लघवी, उलटी पुसताना हातमोजे घाला आणि पोरांना लांब ठेवा, कारण औषध त्यातून बाहेर पडतं. कुत्र्याकडून कुत्र्याला लागतो तो समागमातून, चाटण्या-हुंगण्यातून. यात विषाणू वगैरे काही नाही, गाठीतल्या जिवंत पेशीच दुसऱ्याच्या अंगावर जाऊन रुजतात. सेंट पीटर्सबर्गच्या नोविन्स्की नावाच्या जनावरांच्या डॉक्टरने 1876 मध्येच एका कुत्र्याची गाठ दुसऱ्यात लावून दाखवली होती. कुत्र्याच्या पेशीत 78 गुणसूत्रं असतात, या गाठीत साठाच्या आसपास. लंडनच्या संशोधकांनी 2006 मध्ये जनुकं जुळवली आणि निघालं की गाठ ज्या कुत्र्यात आहे त्याची ती नाहीच! केंब्रिजच्या गटाने पुढे जगभरातल्या 546 गाठी तपासल्या, 2019 मध्ये छापून आलं. सगळ्या एकाच कुत्र्याच्या, आणि ते आशियात 4,000 ते 8,500 वर्षांपूर्वी कधीतरी होऊन गेलेलं. अमेरिकेत हा रोग सुमारे 500 वर्षांपूर्वी पोचला, म्हणजे गलबतांवरच्या कुत्र्यांबरोबर गेला असणार.

तर चिंगीला जे झालंय ते तिच्या शरीराने तयार केलेलंच नाही. आमच्या डॉक्टरीणबाईंनी हे सांगितलं तेव्हा मी हातातला कापूस तसाच धरून उभा होतो.

कॉलीवाली, मुलुंड
कोणी कॉली किंवा तसल्या जातीच्या कुत्र्यासाठी वाचत असेल तर एक: यांच्यातल्या बऱ्याच जणांत एमडीआर1 हे जनुक बिघडलेलं असतं, 2001 मध्ये सापडलं ते. अशांना व्हिन्क्रिस्टीनचा नेहमीचा डोसही झेपत नाही. आधी तपासणी करा. गावठी चिंगीला बहुधा ही अडचण नसावी, तरी डॉक्टरांच्या कानावर घाला.

ठाकूरद्वारची काकू
तीन झाली. पहिल्या शनिवारी टॅक्सीवाला कुत्रीला घेईना, शेवटी चाळीतल्या एका मुलाने बाबागाडीत घालून नेली. दुसऱ्यानंतर थेंब थांबले, पण ड्रेसरभाऊ, तुमचं वाचलं होतं म्हणून तिसऱ्याला गेलेच. फ्लॉवरचा आता वाटाणा राहिलाय. एक दिवस जेवली नाही, तेवढंच. रोग बरा झाला की नसबंदी करायची ठरलंय. नसबंदी झालेल्या कुत्र्याच्या कानाला खाच मारतात, तिचा कान पाहिला तर खाच नव्हती, एवढी वर्षं कुणाच्याच लक्षात आलं नाही.

बहिणीला फोनवर सांगितलं. पहिला प्रश्न, "केस गेले का गं तिचे?" म्हटलं, नाही, दोन मिशा तेवढ्या गळल्यात.

चौथं या शनिवारी. दवाखान्याची पिशवी दिसली की ती पळते, म्हणून सुके बोंबील आणून ठेवलेत. ते मांजरांपासून लपवायचे कुठे, तेवढं कोणी सुचवा.