छोट्या विमानतळावरच्या फायरमनला जेटची ओळख भिंतीवरच्या चार्टवरून होते का?

धागाकर्ता: निवृत्त_टेंडरवाला

कोल्हापूर-नांदेडला आता एम्ब्रेअरची जेट ये-जा करतात. स्टार एअरकडे ५० आसनी ईआरजे-१४५ आहे आणि ७६ आसनी ई-१७५ आहे. गोव्यातल्या मोपाहून फ्लाय९१चं पंख्याचं (प्रोपेलरचं) एटीआर-७२ जळगाव-सोलापूरला येतं. पेपरात तिकिटाचा दर येतो, वेळापत्रक येतं, पहिल्या फेरीचे हारतुरे येतात. पेटलेल्या विमानाचं कुठलं दार कुठल्या बाजूला, हे सीएफटीवर (विमानतळाच्या आगीच्या गाडीवर, क्रॅश फायर टेंडरवर) बसलेल्या पोराच्या हाताला माहीत आहे का, हे मात्र कुणी विचारत नाही.

मी विमानतळाच्या अग्निशमन सेवेत बरीच वर्षं काढली, त्यामुळे मत ठाम आहे. जे विमान तळावर नियमित उतरतं, त्याचं दार स्वतः उघडून आत जाऊन आल्याशिवाय जवानाला शिफ्टला लावू नये. वॉच रूममध्ये कंपनीचा क्रॅश चार्ट (विमानाची दारं वगैरे दाखवणारा तक्ता) टांगला म्हणजे फॅमिलिअरायझेशन, म्हणजे विमानाची ओळख, झालं, हे मला पटत नाही.

तळाची अग्निशमन श्रेणी ठरते विमानाची लांबी आणि धडाची रुंदी पाहून. लांबी २८ मीटरपासून ३९ मीटरच्या आत असली की साधारण श्रेणी ६. ईआरजे-१४५ जवळपास ३० मीटर, ई-१७५ पावणेबत्तीसच्या आसपास, आणि एअरबस ए-३२० साडेसदतीस. तिन्ही श्रेणी ६. म्हणजे कागदावर पाणी तेवढंच, फोम तेवढाच, गाड्या तेवढ्याच.

आता शिडी घेऊन धावणाऱ्या माणसाच्या बाजूने बघा. ए-३२० ला पंखावर दोन्ही बाजूंना आपत्कालीन दारं आहेत. ई-१७५ ला पंखावर एकही नाही, पुढे दोन आणि मागे दोन अशी चारच दारं, चारही स्लाइडची, म्हणजे फुगणाऱ्या घसरगुंडीची. ए-३२० वर तयार झालेला जवान सवयीने पंखाकडे वळला तर तिथे त्याला नुसता पत्रा भेटणार. ईआरजे-१४५ चं आणखी वेगळं. विमान जमिनीलगत बसतं म्हणून स्लाइडच नाहीत, पुढचं डावं दार खाली पडतं आणि त्याचाच जिना होतो. पंखावर दोन छोट्या खिडक्यावजा दारं आहेत, पण इंजिनं शेपटीजवळ धडाला चिकटलेली. पंखावरून मागच्या कडेने उतरणारा प्रवासी इंजिनाच्या तोंडासमोर येतो. इंजिन थांबलंय की नाही हे त्याला कोण सांगणार? खाली उभा असलेला फायरमनच.

एटीआर तर सगळ्यांत फसवं. प्रवाशांचं दार मागे डावीकडे, आणि पुढे डावीकडे जे मोठं दार दिसतं ते सामानाचं. एका तळावर (नाव नको) मॉक ड्रिलमध्ये एक चांगला तगडा जवान त्या सामानाच्या दाराशी झटत उभा राहिलेला मी पाहिलाय. आतले ‘प्रवासी’ मागच्या बाजूला वाट बघत होते. शिवाय या विमानात उजवं इंजिन चालू ठेवून फक्त त्याचा पंखा (प्रोपेलर) ब्रेकने अडकवता येतो, जमिनीवर वीज आणि एसीसाठी. पंखा थांबला म्हणजे इंजिन बंद, असं समजून मागे गेलात तर गरम झोत अंगावर.

हे चार्टवर लिहिलेलं असतं. पहाटे क्रॅश बेल वाजल्यावर चार्ट कोण वाचतो?

हिशेबी_माणूस

असहमत. मी विमानतळाच्या ऑपरेशन्समध्ये होतो, त्यामुळे दुसरी बाजू मांडतो.

साहेब, तुम्ही दारापासून सुरुवात केलीत, आग तिथून सुरू होत नाही. नियमाप्रमाणे धावपट्टीच्या कुठल्याही टोकाला पहिली गाडी दोन मिनिटांत पोचावी अशी अपेक्षा आहे, तीनच्या वर तर जाताच कामा नये. पोचल्यावर पहिलं काम मॉनिटरने (गाडीवरच्या तोफेसारख्या नळीने) लांबून फोम मारणं आणि माणसं बाहेर पडताहेत ती वाट थंड ठेवणं. हे सगळ्या विमानांना सारखंच. दारं उघडतो तो केबिन क्रू. अर्ध्या दारांतून ९० सेकंदांत सगळे बाहेर, ही चाचणी पास झाल्याशिवाय ४४ च्या वर आसनांचं विमान प्रमाणित होत नाही.

आता खरी अडचण. वर्षातल्या सर्वांत गर्दीच्या सलग तीन महिन्यांत तळावर येणाऱ्या सर्वांत वरच्या श्रेणीच्या विमानांच्या हालचाली ७०० पेक्षा कमी असतील, तर आंतरराष्ट्रीय नियमात एक श्रेणी खाली राहायची मुभा आहे. हालचाल म्हणजे उतरणं एक, उडणं एक. रोज तीन फेऱ्या धरल्या तरी ९० दिवसांत ५४०. म्हणजे आपले बहुतेक छोटे तळ त्या सवलतीत बसू शकतात. श्रेणी ६ ला नेहमीच्या, म्हणजे ‘ब’ दर्जाच्या फोमसाठी ७,९०० लिटर पाणी आणि दोन गाड्या, श्रेणी ५ ला ५,४०० लिटर आणि एक गाडी. तुम्ही दाराच्या खटक्यावर भांडताय, इथे अडीच हजार लिटर पाणी आणि एक अख्खी गाडी नियमानेच गायब होऊ शकते. पैसा असेल तर तो तिथे घाला.

आणि विमान द्यायचं कुणी? जेट जमिनीवर असतं जेमतेम अर्धा तास. त्यात सामान, इंधन, सफाई. तेवढ्यात बूट घातलेले आठ जवान आत चढवायला कुठली एअरलाइन तयार होईल?

निवृत्त_टेंडरवाला

पाण्याचा मुद्दा शंभर टक्के मान्य. पण तोच माझ्या बाजूने जातो. पाणी कमी म्हणजे वाट थंड ठेवायचा वेळ कमी. त्या वेळात चुकीच्या दाराशी एक मिनिट गेलं तर उरलं काय?

टोरांटोकर

दोघांनाही पुरावा देतो, वाटून घ्या.

१७ फेब्रुवारी २०२५ ला इथे टोरांटोच्या पिअरसन विमानतळावर डेल्टाच्या नावाने उडणारं सीआरजे-९०० उतरताना उजवा पंख तुटून पाठीवर पडलं. आग लागली. ८० माणसं पट्ट्यांना उलटी लटकलेली, आणि ८० च्या ८० वाचली. बहुतेक लोक केबिन क्रूच्या मदतीने स्वतःच बाहेर पडले. हिशेबी_माणूस, हा गुण तुमचा.

पण उलट्या विमानात दार डावीकडचं उजवीकडे जातं, हँडल उलटं फिरवावं लागतं, छत पायाखाली येतं. असं चित्र कुठल्याच चार्टवर नसतं. ज्याने ते हँडल सुलट स्थितीत हाताने फिरवलंय, तोच ते डोक्यात उलटं करू शकेल. त्या बाबतीत टेंडरवाले साहेब बरोबर. अर्थात सीआरजे-९०० हे इथलं रोजचं विमान, आणि पिअरसनकडे गाड्याही भरपूर. सोलापूरची तुलना पिअरसनशी करू नका, एवढंच.

केबिनताई

दारं केबिन क्रू उघडतो हे ऐकून बरं वाटलं हो. पण क्रू शुद्धीवर असेल तर!

मी बोइंग ७३७ वरही होते आणि एअरबसवरही. ७३७ चं दार आर्म्ड (उघडताच स्लाइड फुगेल अशा स्थितीत) असताना कुणी बाहेरून उघडलं तर स्लाइड त्याच्या अंगावर फुगते. म्हणून आम्ही दाराच्या छोट्या खिडकीवर लाल पट्टा आडवा लावतो, बाहेरच्याला दिसावा म्हणून. ए-३२० ला बाहेरून हँडल उचललं की स्लाइड आपोआप डिसआर्म होते. आता हा लाल पट्टा कशासाठी ते किती फायरमनना माहीत आहे? दरवर्षीच्या आमच्या सेफ्टी ट्रेनिंगला विमानतळाचा एकही फायरमन कधी दिसला नाही. आम्हीही कधी त्यांच्या स्टेशनात गेलो नाही. आग लागली की दाराच्या आत मी आणि बाहेर ते, आणि आमची पहिली भेट तिथेच.

वेळेचं म्हणाल तर टर्नअराउंडमध्ये, म्हणजे उतरणं आणि परत उडणं यांच्या मधे, घाईच असते, खरं आहे. पण फ्लाइट लेट झाली की आम्ही तास-तास त्याच विमानात बसून असतो की! तेव्हा चार जणांना बोलवायला काय जातं?

ऑरेंज_सिटी

अहो भाऊ, तुम्ही सगळे कुंपणाच्या आतलंच बोलून राहिले. विमान कुंपणाच्या बाहेर पडलं तर?

मी शहराच्या फायर ब्रिगेडमध्ये आहे. ७ ऑगस्ट २०२० ला कोझिकोडला ७३७ धावपट्टी सोडून खाली कोसळलं, तुकडे झाले, १९० पैकी २१ गेले. आग लागली नाही हे नशीब. आजूबाजूची माणसं धावून गेली, मिळेल त्या गाडीतून जखमींना दवाखान्यात नेलं. तिथे दार कुठलं अन् खिडकी कुठली? धडच फाटलेलं.

आमच्याकडे कटर आहे, स्प्रेडर आहे. बसचा पत्रा कसा कापायचा ते पोरं झोपेत सांगतील. विमानाचा पत्रा कुठे कापायचा? काही विमानांवर लाल किंवा पिवळे कोपरे रंगवलेले असतात, तेवढाच भाग कापायला बरा. हे मला ट्रेनिंगमध्ये कुणी दाखवलं नाही, स्वतः शोधून वाचलं. ऑक्सिजनची बाटली कुठे, बॅटरी कुठे, हायड्रॉलिकची नळी कुठून गेली, काहीच माहीत नाही. अन् ठिणगी आम्हीच पाडणार.

दोन वर्षांतून एकदा मोठी मॉक ड्रिल होते, तिथे आम्ही गेटवर उभे. साहेबांची गाडी आली की फोटो, मग चहा.

वाचनमात्र

मी कोल्हापूर-मुंबई नेहमी करतो, आता झोप उडाली. प्रवाशाने काय करावं?

केबिनताई

@वाचनमात्र, झोपा बिनधास्त, फक्त बसल्यावर पुढच्या आणि मागच्या दारापर्यंतच्या रांगा मोजा. ई-१७५ मध्ये पंखाकडे धावू नका, तिथे दार नाही. सीटसमोरचं कार्ड एकदा बघा, लोक त्याने वारा घेतात.

हिशेबी_माणूस

ताई, लेट फ्लाइटची आयडिया आवडली, फुकट आहे. ऑरेंज_सिटी यांचा मुद्दा तर धाग्याच्या विषयापेक्षा मोठा वाटतो मला.

पण ‘शिफ्टला लावू नये’ याला माझा विरोध कायम. सांगतो का. एअरलाइन आदल्या रात्री कळवते, ई-१७५ बिघडलंय, उद्या ईआरजे पाठवतो. तुमच्या नियमाने निम्मे जवान त्या दिवशी अपात्र. मग फ्लाइट रद्द करणार? नाही करणार. त्याऐवजी रजिस्टरमध्ये मागच्या तारखेने सगळ्यांच्या सह्या होतील. आज निदान माहीत आहे की ट्रेनिंग झालेलं नाही. उद्या कागद म्हणेल झालं. सक्ती केली की आपल्याकडे पहिली वाढते ती फाइल.

कुणीतरी आता व्हीआर गॉगल सुचवेलच. स्वस्त पडेल, पण दाराचं वजन त्यात लागत नाही.

निवृत्त_टेंडरवाला

सह्यांबद्दल वाद घालत नाही, तशी रजिस्टरं मीही पाहिली आहेत. तर सक्ती थोडी सैल करतो. प्रत्येक शिफ्टमध्ये निदान क्रू-इन्चार्ज आणि दोन जण असे हवेत, ज्यांनी त्या प्रकारचं विमान हाताळलंय. त्यांनी बाहेरून दार उघडलेलं असावं, कॉकपिटमध्ये इंजिनाचं फायर हँडल आणि बॅटरीचा स्विच कुठे ते बोट लावून पाहिलेलं असावं, आणि धूर भरलाय असं धरून डोळे झाकून पुढून मागे चालून आलेले असावेत. ई-१७५ मध्ये दोन-दोन आसनं आहेत, ईआरजेमध्ये एकीकडे एक आणि दुसरीकडे दोन. ती अरुंद वाट पाठीवर बीए सेट (श्वासाच्या हवेची टाकी) घेऊन चालून बघा एकदा, मग कळतं जखमीला उचलून वळवणं काय असतं ते. तिथे स्ट्रेचर वळत नाही, माणूस बाह्यांना धरून ओढतच आणावा लागतो.

आणि महापालिकेच्या पोरांना त्याच दिवशी बोलवा. गेटवर नाही, आत.

ऑरेंज_सिटी

आमच्या बाजूने कबूल. रविवारीही येऊ. फक्त एप्रनचा (विमानं उभी राहतात तिथला) पास कोण काढून देणार ते सांगा, मागच्या वेळी त्यातच दुपार गेली.

हिशेबी_माणूस

तीन माणसांचा नियम जमण्यासारखा आहे, याला मी हो म्हणेन. पासचं काम ऑपरेशन्सचं, ते होतं, पत्र आठवडाभर आधी द्या.

पण साहेब, पाण्याचा मुद्दा ‘शंभर टक्के मान्य’ म्हणून तुम्ही पुढे निघून गेलात. सवलतीच्या श्रेणीत एकच गाडी उभी आहे आणि तिचा पंप बंद पडलाय, तेव्हा तुमच्या तीन तयार जवानांनी काय करायचं?