'व्हॅलिड' दिसलं, पण सही कोणाची?
समजा, तुमची एक स्क्रिप्ट फोल्डरमधल्या डीएलएलवर (प्रोग्राम वापरतात त्या कोडच्या फाइलींवर) पॉवरशेल या विंडोजच्या कमांड-साधनातली, फाइलीची डिजिटल सही तपासणारी गेट-ऑथेंटिकोडसिग्नेचर कमांड चालवते आणि स्टेटस 'व्हॅलिड' नसेल तेवढ्याच फाइली दाखवते. यात एक भोक आहे. 'व्हॅलिड' म्हणजे सही शाबूत आणि सही करणाऱ्याच्या सर्टिफिकेटवर (डिजिटल ओळखपत्रावर) विंडोजचा विश्वास, एवढंच. ती सही कोणाचीही असू शकते. म्हणून निकालातल्या सायनरसर्टिफिकेटमधला सब्जेक्ट (सर्टिफिकेट कोणाचं ते) अपेक्षित नावाशी जुळवा. थंबप्रिंट (त्या एका सर्टिफिकेटचा ठसा) जुळवणं जास्त पक्कं, पण सर्टिफिकेट नवं घेतलं की तो बदलतो आणि स्क्रिप्ट उगाच बोंब मारते.

'नॉटसाइन्ड' आणि 'हॅशमिसमॅच' ही दोन स्टेटस एकाच यादीत टाकू नका. पहिल्यात सहीच नाही, दुसऱ्यात सहीनंतर मजकूर बदललाय. पॉवरशेल स्क्रिप्टच्या फाइलींत 'हॅशमिसमॅच' दिसलं तर हल्लेखोराआधी गिटवर (कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या साधनावर) संशय घ्या: त्याच्या ऑटोसीआरएलएफ सेटिंगमुळे ओळींची टोकं बदलली तरी हॅश (मजकुरावरून काढलेला ठसा) मोडतो.

निकालातलं टाइमस्टॅम्परसर्टिफिकेट (सही कधी झाली याची साक्ष देणाऱ्याचं सर्टिफिकेट) रिकामं असेल तर आजची 'व्हॅलिड' सही सर्टिफिकेटची मुदत संपली की बाद होईल. तो रकाना अहवालात घ्याच. सिग्नेचरटाइप (सहीचा प्रकार) हाही रकाना घ्या, कारण विंडोजच्या बऱ्याच फाइलींची सही फाइलीत नसून वेगळ्या कॅटलॉगमध्ये असते.

आणि हो, नावात चौकटी कंस असलेल्या फाइली कमांडला फाइलपाथ या पर्यायाने दिल्यास निसटतात. तिथे लिटरलपाथ द्या.