नोकरी सोडून पूर्णवेळ ब्लॉगिंग करावं का?

सोलापुरातच बसून मराठी ब्लॉगवर घर चालेल का, असं एकानं विचारलंय. चालू शकतं, पण नुसत्या अ‍ॅडसेन्सच्या (ब्लॉगवर जाहिराती दाखवून पैसे देणारी गूगलची सेवा) जिवावर राजीनामा देऊ नका. 10 डॉलर जमले की पत्त्याची खात्री करायला गूगल पोस्टाने पिन पाठवतं, तो खात्यात भरावा लागतो. (पत्ता नीट लिहा. आपल्याकडं अर्धी पत्रं 'अमक्या कारखान्यामागं' यावरच पोहोचतात.) पुढं 100 डॉलर साठल्याशिवाय पैसे सुटत नाहीत. मराठी पानांवरच्या जागेसाठी बोली लावणारे जाहिरातदार कमी, म्हणून तेवढ्याच वाचकांत इंग्रजीवाला जास्त कमावतो.

विषयाला मात्र तोटा नाही. पंढरपूर, अक्कलकोट, तुळजापूर तिन्ही इथून जवळ. स्टेशनवर उतरून तुळजापूरची एसटी कुठं धरायची, मुक्काम कुठं करायचा, हे लोक बारा महिने शोधतात. संक्रांतीला सोलापुरात भरणाऱ्या गड्ड्याच्या जत्रेवर लिहायचं तर नोव्हेंबरातच टाका. संक्रांतीच्या आदल्या दिवशी टाकलेला लेख गूगलच्या शोधात वर येईपर्यंत पाळणे उतरलेले असतात. असे वाचक जमले, की लॉजवाल्याकडून, शेंगाचटणी कुरिअरनं पाठवणाऱ्याकडून थेट महिन्याची जाहिरात घ्या. दर तुम्ही ठरवायचा, मध्ये गूगलचा वाटा नाही. खरी सोलापुरी चादर कशी ओळखायची, यावर चांगले फोटो टाकून लिहिलंत तर चादरवालेही येतील.

आणि 'महिन्यात लाखभर' शिकवणारे कोर्स घेऊ नका राव, त्यांची कमाई तुमच्या फीमधूनच होते. तुमचा विषय कोणता, ते लिहा.