अमेरिकेतल्या यलोस्टोन नॅशनल पार्कच्या जंगलात दोन रात्री: खाणं कुठे ठेवायचं?

मेतकूटभात: सप्टेंबरमध्ये तिघं चालत आतल्या कॅम्पसाइटला जाणार, परमिट आहे. अस्वलांचं काय? फोडणी दिली तर चालेल?

सॅकवाला: फोडणी विसरा. कपड्यांना वास बसतो, आणि स्वयंपाकाच्या कपड्यांत झोपायचं नसतं. गरम पाणी ओतून होईल तेच न्या. बहुतेक साइटवर खाणं टांगायला आडवा खांब असतो, दोरी मात्र आपली, 35 फूट. पिशवी जमिनीपासून 10 फूट वर आणि उभ्या खांबापासून 4 फूट लांब. टूथपेस्ट, सनस्क्रीन, लिपबाम, रिकामी पाकिटं, सगळं त्यातच. लोक नेमकं लिपबाम खिशात विसरतात! तंबू चुलीपासून 100 यार्डांवर. भांड्यांचं पाणी गाळा, शितं कचऱ्यात.

रानवाट: बेअर स्प्रे (अस्वलाला रोखणारा तिखट फवारा) विमानात नेता येत नाही, तिथेच घ्या. कमरेला अडकवा, सॅकच्या तळाशी असला तर नसल्यासारखाच. डब्यावरची सेफ्टी क्लिप काढायचा सराव आधी करा. अंगावर येणाऱ्या अस्वलाच्या तोंडासमोर, किंचित खाली धरून मारा. तंबूवर फवारू नका, तो डासांचा स्प्रे नव्हे.

मेतकूटभात: हाच स्प्रे पुढे कॅलिफोर्नियातल्या योसेमिटी पार्कला चालेल?

रानवाट: तिथे बंदी आहे. खाणं टांगणंही चालत नाही, कॅनिस्टरच (अस्वलाला न उघडणारा टणक डबा) लागतो.